कडेवर लेकरू, घरात ऑपरेशनचा पेशंट: गावी जाण्याची तयारी आणि क्रम

आईचं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं, बाबांचा गुडघा बदलला, सासऱ्यांचं बायपास झालं, की लेक किंवा सून तान्हं लेकरू घेऊन गावी निघते. जायचं असतं मदतीला. तिसऱ्या दिवशी दिसतं ते असं: पेशंट टाके सांभाळत लेकरू घेऊन बसलेला, लेकराची आई पाहुण्यांचा चहा ठेवते आहे, लेकराचं पोट बिघडलंय, आणि ज्या वहिनीवर आधी एकाचं करायचं होतं तिच्यावर आता तिघांचं पडलंय. चुका बहुतेक घरांत त्याच चार-पाच असतात, आणि त्यातल्या निम्म्या पिशवी भरायच्या आधीच झालेल्या असतात.

पुढचे टप्पे जन्मापासून साधारण दीड वर्षापर्यंतच्या लेकरासाठी आहेत. क्रम बदलू नका. पहिले तीन टप्पे घरबसल्या फोनवर होतात आणि खरं काम तिथंच आहे.

## टप्पा १: आधी हात मोजा

ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत पेशंटला जवळजवळ पूर्णवेळ एक माणूस लागतो. लेकराला एक लागतो. स्वयंपाक, पाणी, गुरं, दुकानापर्यंतच्या खेपा यांना तिसरा. म्हणजे घरात तीन धडधाकट मोठी माणसं हवीत, आणि त्यात तुम्ही फक्त लेकराच्या खात्यात धरायच्या.

हे पटत नसेल तर हिशोब करा. अंगावर पिणारं लहान लेकरू दिवसातून ८ ते १० वेळा पितं, एका वेळेला २०-२५ मिनिटं. ढेकर काढणं, लंगोट बदलणं सोडूनही रोजचे तीन-चार तास गेले. त्यातून उरलेल्या वेळात दहा जणांच्या पोळ्या लाटायचं कबूल करू नका.

कागदावर तीन नावं लिहा. नाव लिहिताना तो माणूस दिवसा घरी असतो का, हे विचारा. "घरी सगळे आहेत" हे फोनवरचं उत्तर संध्याकाळचं असतं. जूनमधली पेरणी, सोयाबीनची सोंगणी आणि दिवाळीच्या मागंपुढं कापसाची वेचणी चालू असेल तर सकाळी आठनंतर घरात पेशंट आणि एखादी म्हातारी आजी, एवढेच उरतात.

तिसरं नाव मिळत नसेल तर मार्ग तीन: स्वयंपाकाला गावातलीच बाई पंधरा दिवस पैसे देऊन लावा, लेकराच्या बापानं रजा काढून सोबत यावं, नाहीतर जाणं पुढं ढकला. तिसरा मार्ग निवडलात तर मन खाऊ देऊ नका. स्वयंपाकाच्या बाईचे पैसे पाठवणं, औषधं पोचवणं, डॉक्टरांशी फोनवर बोलणं ही मदत लांबूनही होते.

सावध: तुमचं स्वतःचं सिझर होऊन सहा आठवडे झाले नसतील तर घरात टाके असलेली दोन माणसं होतील. बाळंतपणाला माहेरी जायचं ठरलेलं असताना तिकडे आईचंच ऑपरेशन निघालं, असंही होतं. तेव्हा बाळंतपण सासरी करा किंवा मावशी-काकूला तुमच्याकडे बोलवा.

## टप्पा २: तारीख ठरवा

दवाखान्यातून सुट्टी झाली त्या दिवशी पोचायचं नाही. पहिले तीन-चार दिवस घरच्यांना गोळ्यांच्या वेळा, पट्टी, पथ्य, उठवायची-बसवायची पद्धत अंगवळणी पडायला लागतात. त्या गडबडीत लेकरू गेलं की दोन्हीकडचं बिघडतं. नुसतं भेटायचं असेल तर चार-पाच दिवसांनी जा आणि दोन रात्रींत परत या. राहायचं असेल तर ऑपरेशन कोणतं, यावर तारीख ठरते.

पोटाचं ऑपरेशन (गर्भपिशवी, हर्निया, पित्ताशय): बाहेरचे टाके साधारण ७ ते १० दिवसांत निघतात, पण आतल्या थरांना वेळ लागतो. पोट उघडून केलेलं असेल तर सहसा सहा आठवडे चार-पाच किलोंपुढं काही उचलायचं नसतं. दुर्बिणीतून केलं असेल तर मुदत कमी असू शकते. ती डॉक्टरांकडूनच घ्या, शेजारणीच्या अनुभवावरून नाही.

बायपास: छातीचं मधलं हाड कापून तारेनं बांधलेलं असतं. ते जुळायला किमान सहा ते आठ आठवडे, पूर्ण घट्ट व्हायला तीनेक महिने. या काळात लेकरू उचलणं तर नाहीच, त्याचा हात धरून ओढणंही नाही.

गुडघा किंवा खुबा: इथं लेकराच्या वजनापेक्षा त्याच्या रांगण्याची भीती जास्त. वॉकर घेऊन चालणाऱ्या माणसाच्या पायात रांगतं लेकरू आलं की पडणं ठरलेलं. लेकरू अजून रांगत नसेल तर जा. रांगत असेल तर महिना-दीड महिना थांबलेलं बरं.

मोतीबिंदू: पहिला आठवडा जपायचा. लेकराचं बोट किंवा डोकं डोळ्याला लागण्याचा धोका खरा आहे. थेंब महिनाभर चालतात, पण आठवड्यानंतर फार अडत नाही.

कॅन्सरचं ऑपरेशन आणि पुढं केमो: त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नका. लेकराला नुकतेच पोलिओचे किंवा रोटाचे थेंब पाजले असतील तर तेही सांगा. या लसींतले जिवंत विषाणू काही आठवड्यांपर्यंत शीतून बाहेर पडू शकतात. धडधाकट माणसाला त्याचं काही नाही, पण ज्याची प्रतिकारशक्ती खाली गेली आहे त्यानं त्या लेकराचे लंगोट हाताळू नयेत.

लेकराच्या बाजूनं दोन अटी. सहा आठवड्यांची लस झाल्यावर निघा, आणि लस दिल्यापासून दोन दिवस तरी प्रवास नको, कारण ताप आला तर तो बहुतेक याच दोन दिवसांत येतो. घरात कुणालाही सर्दी-खोकला, जुलाब किंवा डोळे आलेले असतील तर तारीख पुढं न्या. पोटाला टाके असलेल्या माणसाला साधी खोकल्याची उबळ म्हणजे काय यातना असतात, ते त्यालाच विचारावं.

तपासून घ्या: टाके काढायचा किंवा दाखवायला न्यायचा दिवस तुमच्या मुक्कामात पडतो का? पडत असेल तर त्या दिवशी घरातला एक माणूस आणि गाडी दोन्ही जाणार. हातांची मोजणी त्या दिवसापुरती पुन्हा करा.

## टप्पा ३: फोन कुणाला आणि काय विचारायचं

फोन पेशंटला करू नका. ते म्हणणार, "या बिनधास्त, काही त्रास नाही." जी व्यक्ती रोजची पट्टी आणि गोळ्या सांभाळते तिला करा: वहिनी, धाकटा भाऊ, काकू. हे विचारा:

1. टाके नेमके कुठं आणि कोणत्या बाजूला? नळी, पिशवी काही लावलेली आहे का?
2. पेशंट कोणत्या खोलीत, आणि आम्ही कोणत्या खोलीत? एकच खोली असेल तर आताच कळू द्या.
3. घरात कुणी खोकतंय का? टीबीचं औषध कुणाचं चालू आहे का?
4. वीज कधी जाते? इन्व्हर्टरवर पंखा किती तास चालतो?
5. प्यायचं पाणी कुठलं: नळ, विहीर, बोअर, की कॅन?
6. आशाताईंचा नंबर काय, आणि गावातलं लसीकरण कोणत्या दिवशी असतं?
7. लहान मुलांचा डॉक्टर सर्वात जवळ कुठं बसतो, आणि रात्री दार उघडतो का?

पाण्याच्या प्रश्नावर थोडं थांबू या. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात जमिनीतलं पाणी खारट आहे. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. उकळल्यानं जंतू मरतात, क्षार जात नाहीत. उलट पाणी आटलं की ते दाट होतात. सहा महिन्यांच्या आतलं लेकरू फक्त अंगावर पीत असेल तर त्याला हा प्रश्नच नाही. पावडरच्या दुधावर असेल तर शुद्ध केलेल्या पाण्याची सोय आधी लावा आणि तेच पाणी उकळून वापरा.

## टप्पा ४: पिशवी

एकच पिशवी आणि एक खांद्याला लावायची झोळी. दोन्ही हात लेकरासाठी मोकळे हवेत.

- सुती लंगोट १५ ते २०. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, तेव्हा २५. डायपर वापरत असाल तर दिवसाला ६ ते ८ धरून सगळे दिवस मोजून न्या. तुमच्या मापाचा डायपर गावच्या दुकानात मिळेलच असं नाही.
- दुपटी ४, टोपडं १, पातळ झबली ८-१०.
- थर्मामीटर २: एक लेकराला, एक पेशंटला. एकच आलटून-पालटून वापरू नका.
- ओआरएसची पाकिटं ४. एका लिटरची की २०० मिलीची, ते पाकिटावर वाचा आणि तेवढंच पाणी मोजून घाला.
- तापाचं औषध, तुमच्या डॉक्टरांनी वजनावरून मिलीत लिहून दिलेल्या मात्रेसह.
- लसीकरणाचं कार्ड, पेशंटच्या डिस्चार्ज कार्डाचा मोबाइलमध्ये फोटो.
- लेकरासाठी दोरीची मच्छरदाणी, टॉर्च, हातपंखा, साबणाच्या दोन वड्या.

सावध: पॅरासिटामॉलच्या थेंबांच्या बाटलीत १ मिलीला १०० मिलीग्रॅम औषध असतं. १२५ च्या सिरपमध्ये तेवढं औषध ४ मिलीत असतं. म्हणजे थेंब चौपट कडक. वहिनीच्या घरची बाटली उघडून "पाच मिली पाजलं" की मात्रा चुकलीच. स्वतःची बाटली, स्वतःचं ड्रॉपर. तीन महिन्यांच्या आतल्या लेकराला ताप आला तर औषध पाजून वाट पाहायची नाही, डॉक्टरला दाखवायचं.

## टप्पा ५: प्रवास

एप्रिल ते जूनमध्ये पहाटे निघा आणि सकाळी दहाच्या आत पोचा. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. त्या वेळी एसटीच्या खिडकीतून येणारी झळ लेकराच्या अंगावर घेणं म्हणजे भट्टीसमोर धरणं. दुपारी अकरा ते पाच मधे कुठं अडकलात तर स्टँडवर न थांबता ओळखीचं घर गाठा. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा दोन जागा घेतल्या तरी खिशाला फार बसत नाही. खिडकीकडची जागा पिशवीला, मधली तुम्हाला.

सहा महिन्यांच्या आतल्या लेकराला वाटेत पाणी पाजायचं नाही, कितीही ऊन असो. दर दीड-दोन तासांनी अंगावर पाजा आणि तुम्ही स्वतः पाणी पीत राहा. शेजारची बाई "थोडं तरी पाजा" म्हणेल. हसून मान हलवा आणि पाजू नका. पाण्यानं पोट भरलं की लेकरू दूध कमी पितं, आणि बाटलीतल्या पाण्यानं जुलाब लागतात ते वेगळे.

फाट्यापासून गावापर्यंतचे चार-पाच किलोमीटर हा प्रवासातला सगळ्यात वाईट तुकडा. कोंबून भरलेली काळी-पिवळी किंवा भावाची मोटारसायकल. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर हेल्मेट आणि चालकाला बांधणारा पट्टा हवा आणि वेग ताशी ४० च्या आत, असा नियम २०२३ पासून लागू आहे. नऊ महिन्यांच्या आतल्या लेकरासाठी दुचाकी नकोच. गावातला ऑटो आदल्या दिवशी ठरवून ठेवा.

## टप्पा ६: पोचल्यावरचा पहिला तास

उंबरठ्यावर भाकरतुकडा ओवाळून झाला की सगळ्यांना लेकरू हातात हवं असतं. इथं क्रम असा:

1. चपला बाहेर. तुम्ही हातपाय साबणानं धुवा, साडी किंवा ड्रेस बदला.
2. लेकराचं अंग ओल्या फडक्यानं पुसा, कपडे बदला, पाजा. तोवर ते कुणाला द्यायचं नाही.
3. लेकरू झोपलं की तुम्ही एकट्या पेशंटला भेटा. पाच मिनिटं नुसतं त्यांचंच ऐका. ही पायरी कुणी करत नाही. ऑपरेशन झालेल्या माणसाला आपल्याकडे कुणी पाहिलं नाही, आले ते लेकरापाठी गुंतले, असं वाटून जातं आणि ते बोलून दाखवत नाहीत.
4. मग घर तपासा.

घर तपासायचं ते गुडघ्यावर बसून, लेकराच्या उंचीवरून. पेशंटच्या पलंगाखाली पडलेल्या गोळ्या शोधा. साखरेच्या आजारावरची (मधुमेहाची) एक गोळी लहान लेकराच्या पोटात गेली तरी त्याची साखर जिवावर बेतेल इतकी खाली जाऊ शकते. बीपीच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्याही तशाच. सगळी औषधं एका पत्र्याच्या डब्यात घालून फळीवर, आणि पेशंटनं गोळी काढताना डबा मांडीवर उघडा ठेवायचा नाही.

कूलरकडे बघा. लोखंडी बॉडीच्या कूलरला अर्थिंग नसलं की मोटारीतला करंट पत्र्यात उतरतो, आणि रांगतं लेकरू ओल्या हातानं तोच पत्रा धरतं. तीन पिनांचा प्लग खऱ्या अर्थिंगला जोडलेला आहे का, हे वायरमनला विचारा, आणि कूलरपुढं खाट आडवी टाका. टाकीतलं पाणी आठवड्याला काढून टाकी घासा. डेंगीचा डास त्यातच वाढतो. हवा पेशंटवर नाही, लेकरावरही नाही, समोरच्या भिंतीवर. दुसरी खिडकी उघडी हवी, नाहीतर खोली नुसती दमट होते आणि लेकराला घामोळं येतं.

फवारणीचे दिवस असतील तर औषधाचे डबे आणि पंप घरात नकोत, गोठ्यात कुलपात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले. ते औषध श्वासातून आणि कातडीतून आत जातं. वावरातून फवारून आलेल्या माणसानं आंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय लेकराला हात लावायचा नाही.

शेवटी धूर. लेकराला सांजेची ओव्याची-लोबानाची धुरी द्यायची पद्धत घरोघर आहे. तो धूर लेकराच्या छातीला वाईट आणि पेशंटला खोकला आणतो. चूल खोलीला लागून असेल तर पेशंट आणि लेकरू दोघांनाही सपरीकडे (ओसरीकडे) हलवा. खोकला आलाच तर पेशंटनं पोटाच्या टाक्यांवर उशी दाबून धरावी.

## टप्पा ७: आजी-आजोबांच्या मांडीवर लेकरू

सगळ्यात जास्त चुका इथं होतात, कारण सगळे भावनेनं हळवे झालेले असतात आणि कुणीतरी मोबाइल काढून उभा असतो. पेशंटनं हात पुढं केले, तुम्ही लेकरू दिलं, लेकरानं पोटात लाथ मारली. हे टाळायला पायऱ्या ठेवा.

आधी वेळ निवडा. पेशंटनं दुखणं कमी करायची गोळी घेऊन तासभर झालेला, लघवीला जाऊन आलेले, चक्कर नाही. लेकरू पिऊन, ढेकर देऊन, कोरड्या लंगोटात. दोघांतला एकजण जरी चिडलेला असेल तरी आज नाही.

बसायची जागा. हात आणि पाठ असलेली जड खुर्ची, भिंतीला टेकवून. बाजेवर नको: बाज मध्ये झोळते, पोट दुमडतं आणि टाक्यांना ताण बसतो, शिवाय उठता येत नाही. हलकी प्लास्टिकची खुर्ची गुळगुळीत फरशीवर मागं सरकते.

उशी. पोट आणि मांडी झाकेल अशी जाड उशी. लेकरू उशीवर बसेल, पेशंटवर नाही.

कोण ठेवणार. लेकरू तुम्हीच उचलून ठेवायचं. पेशंटनं हात लांब करून घ्यायचं नाही, वाकायचं नाही. टाके उजवीकडे असतील तर लेकराचं डोकं उजवीकडे, पाय डावीकडे. लाथ बसते ती पायांच्या बाजूला.

किती वेळ. दहा मिनिटं. तुम्ही हाताच्या अंतरावर बसा. परत उचलायचं तेही तुम्हीच. "घे गं" म्हणून पेशंटनं पुढं करायचं नाही. त्या झटक्यातच पोट ओढलं जातं.

बायपास झालेल्यांच्या छातीशी लेकरू द्यायचं नाही. ते आडवे असताना लेकरू कुशीशेजारी ठेवा, तुमचा हात मध्ये. गुडघा बदललेल्यांना पहिला महिना मांडी नकोच. शेजारच्या खुर्चीत तुम्ही लेकरू घेऊन बसा, खेळवायला ते. मोतीबिंदूवाल्यांनी चष्मा किंवा डोळ्यावरची ढाल लावूनच जवळ यायचं, आणि लेकराचे दोन्ही हात तुमच्या हातात.

"माझं नातवंड मला जड नाही" हे उत्तर येणारच. वर्षाचं लेकरू साधारण नऊ किलोंचं असतं, म्हणजे दहा लिटरची बादली जवळजवळ काठोकाठ. आईला एवढंच विचारा, "माय, भरली बादली उचलायची डॉक्टरनं मनाई केली ना? हे तेवढंच आहे." वाद तिथं थांबतो, नाहीतर निदान मंदावतो.

नुसतं "नको, नको" म्हणत राहिलात तर पेशंट लपून उचलतात. हाताला काम द्या: लंगोटांच्या घड्या घालणं, खुळखुळा वाजवणं, बसल्या जागी झोक्याची दोरी हलकेच हलवणं. बायपासवाल्यांना दोरीही नको, त्यांना गाणं म्हणू द्या.

सावध: खर्रा खाणाऱ्या आजोबांच्या बोटाला तंबाखू आणि चुना असतो, आणि तेच बोट लेकराच्या तोंडात जातं. हात साबणानं धुतल्याशिवाय लेकरू नाही, हा नियम पहिल्या दिवशीच करा. तंबाखूमुळं रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम उशिरा भरते, हेही त्याच दमात सांगून टाका.

## टप्पा ८: भिंतीवरचा कागद

वहीचं एक पान, मधोमध रेघ. डावीकडे पेशंट, उजवीकडे लेकरू. गोळ्या आठ-दोन-आठला असतील तर त्या तीन वेळा आधी लिहा आणि लेकराची आंघोळ, मालिश, वरणाचं पाणी, झोप या वेळांना टक्कर होणार नाही अशी बसवा. पट्टी बदलायची वेळ आणि लेकराची मालिश एकाच तासात ठेवू नका. तेलाचे हात आणि जखम यांची गाठ पडायला नको. प्रत्येक ओळीपुढं कोण करणार त्याचं नाव. नाव नसलेली ओळ वहिनीवर जाते.

पेशंटची पट्टी करणाऱ्यानं त्याआधी लंगोट बदललेला असेल तर हात साबणानं कोपरापर्यंत धुवावेत, नखांसकट. लंगोटाची बादली वेगळी, पेशंटच्या कपड्यांची वेगळी. वापरलेली पट्टी कागदात गुंडाळून बंद पिशवीत ठेवा आणि खड्ड्यात पुरा. उकिरड्यावर टाकली की कुत्री ओढून अंगणात आणतात. डायपर चुलीत जाळायचा नाही.

सहा महिन्यांपुढच्या लेकराचं खाणं साधंच ठेवा: मऊ भात-वरण, ज्वारीची पेज. नवा पदार्थ या आठवड्यात नको. मध एक वर्षाच्या आत अजिबात नाही, चाटणालाही नाही. गुटी उगाळून द्यायची हौस आवरा; सहाण किती स्वच्छ आहे ते सगळ्यांना ठाऊक असतं.

## टप्पा ९: रात्र

पेशंट आणि लेकरू एका पलंगावर झोपणार नाहीत. दुखण्याच्या गोळीची गुंगी असलेल्या माणसाच्या कुशीत लेकरू दबू शकतं. जमेल तर खोलीही वेगळी. रात्री तीन वेळा रडणारं लेकरू पेशंटची झोप मोडतं.

लेकरू पाठीवर, घट्ट गादीवर, उशीशिवाय. मोहरीची उशीही नको. पावसाळ्यात जमिनीवर अंथरूण टाकू नका. मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्यालाच बहुतेक चावतो, दातांची खूण दिसतही नाही. खाटेवर मच्छरदाणी, कडा गादीखाली खोचलेल्या. सकाळी अंथरूण, दुपटं, चप्पल झटकूनच घ्या, विंचू त्यातच असतो.

लेकराला झोपवायची झोळी बांधायची तर वाट सोडून. रात्री लघवीला उठलेला पेशंट अंधारात झोळीच्या दोरीत अडकतो. रात्रीचा मंद दिवा चालू ठेवा आणि वीज गेली तर टॉर्च कुठं आहे हे पेशंटलाही माहीत हवं. बंद खोलीत मच्छर अगरबत्ती लावू नका.

## टप्पा १०: भेटायला येणारे

ऑपरेशनचा पेशंट आणि नवं लेकरू, दोन निमित्तं एकाच घरात. अख्खा गाव येणार. थांबवता येत नाही, वळवता येतं. वेळ संध्याकाळी पाच ते सहा. बसायची जागा सपरीत, खुर्च्या तिथंच मांडा. आतल्या खोलीत एकच स्टूल ठेवलं की दोन माणसं टेकत नाहीत. चहाची जबाबदारी टप्पा १ मधल्या तिसऱ्या नावाची. तुमची नाही.

"आत जाऊ नका" हे लेकराच्या आईनं सांगितलं तर वाईट दिसतं. घरातल्या वडीलधाऱ्यानं सांगावं: "लेकरू आताच झोपलं जी, डॉक्टरनं गर्दी नको म्हटलं." खोकणाऱ्या माणसाला दारातूनच. मुके घेणं नाही. लेकराच्या मुठीत ठेवलेली नाणी त्याच क्षणी काढून घ्या. पाहुण्यांच्या मागून नाही, समोरच, हसून. नाणं तोंडात जायला दोन सेकंद लागतात.

## टप्पा ११: या खुणा दिसल्या तर थांबू नका

लेकरू: तीन महिन्यांच्या आत १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप. दूध ओढत नाही. २४ तासांत सहापेक्षा कमी वेळा लघवी, टाळू खोल गेलेली. छाती आत ओढली जाते. शांत असताना मिनिटाला दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षात ५० किंवा जास्त श्वास. झटके. हिरवी उलटी.

पेशंट: १०१ च्या वर ताप, जखमेतून पू किंवा वास, टाक्यांभोवती वाढती लाली. एका पोटरीला सूज आणि दुखणं. अचानक धाप, छातीत दुखणं. पोट फुगून उलट्या. लघवी बंद. एकाएकी असंबद्ध बोलणं.

१०८ ची रुग्णवाहिका मोफत आणि चोवीस तास असते. फोन करताना गावाचं नाव, तालुका आणि ओळखीची खूण सांगा: शाळा, मंदिर, पाण्याची टाकी. वर्षाच्या आतल्या आजारी लेकराला सरकारी दवाखान्यात न्यायला १०२ ची गाडी आहे. तरीही गावातल्या एका गाडीवाल्याचा नंबर भिंतीवरच्या कागदाखाली लिहून ठेवा, पावसात पूल बुडाला की पलीकडची गाडी येत नाही.

तपासून घ्या: एकाला दवाखान्यात न्यावं लागलं तर दुसऱ्याजवळ कोण राहील? पोचल्या दिवशीच नाव ठरवा. लेकराबरोबर तुम्ही जाणार हे उघड आहे, पेशंटबरोबर तुम्ही जाणार नाही हे मात्र सगळ्यांना आधी सांगून ठेवावं लागतं.

## टप्पा १२: निघताना

टाके काढायच्या दिवशी किंवा दाखवून आल्या संध्याकाळी निघू नका. डॉक्टरांनी गोळ्या बदललेल्या असतात आणि घरात पुन्हा गोंधळ असतो. एक दिवस मध्ये जाऊ द्या. भिंतीवरच्या कागदाचा उजवा भाग फाडून घ्या, डावा तिथंच राहू द्या, आणि तुमचं नाव जिथं जिथं होतं तिथं दुसरं नाव घालून द्या. पलंगाखाली शेवटची नजर टाका. लसीकरणाचं कार्ड आणि थर्मामीटर हमखास मागं राहतात. फाट्यावरची पहिली गाडी किती वाजता, हे आदल्या रात्रीच ऑटोवाल्याला विचारून ठेवा.